एकतीस तारखेची आई

सकाळी आठला सुतार आपल्या आईला घेऊन चर्चमध्ये आला. तिला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं, गाठोडं शेजारी ठेवलं आणि कामाला निघून गेला. महिन्याची एकतीस तारीख होती. आम्हा मंडळींना त्यात काही वावगं वाटलं नाही. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

वडील गेल्यावर दोघा भावांनी आई वाटून घेतली होती. पहिले पंधरा दिवस थोरल्याकडे, म्हणजे शिंप्याकडे, पुढचे पंधरा धाकट्या सुताराकडे. एकतिसावा दिवस कुणाच्याच वाट्याला येईना. त्यावरून दोघी जावांची जुंपली, तेव्हा पाळकसाहेबांनी तोडगा काढला: त्या दिवशी आईने देवाच्या घरात बसावं आणि संध्याकाळी थोरल्याने तिला न्यावं. आम्ही वाहवा केली. थोरला दर रविवारी शास्त्रवाचन करायचा, धाकटा गायनमंडळात पहिल्या रांगेत उभा असायचा. असल्या घरात काय कमी असणार?

त्या दिवशी चर्च झाडणाऱ्या बाईने सहज म्हातारीच्या कपाळाला हात लावला.

"आजी, अंग नुसतं भाजतंय तुमचं! घरी सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? आज कुणाची पाळीच नाही ना गं," म्हातारी म्हणाली. "पोरं चांगली आहेत माझी. उगाच त्यांच्यात भांडण नको."

बाई झाडू टाकून सुताराकडे धावली. तो रंधा मारत होता.

"आजी तापाने फणफणल्यात. घरी न्या त्यांना."

"मी कालपर्यंतचं सगळं केलंय. आता दादाला विचारा."

दादा कोटाला अस्तर लावत होता. ओठांतली टाचणी काढून म्हणाला, "नाही कुठे म्हणतोय? संध्याकाळी येतोच की. आत्ता नेलं तर पुढच्या वेळी तो आदल्या दिवशीच आणून सोडेल. मग आमची ही घर डोक्यावर घेईल."

पाळकसाहेब परगावी सभेला गेले होते. विषय होता सेवा. बाईने डॉक्टरांकडे निरोप धाडला आणि चर्चसमोरची दोन दारं वाजवली. त्यातलं एक माझं. मी म्हणालो, "अहो, सख्खी मुलं असताना आपण मध्ये कसं पडायचं?" आजही ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मग बाईने एकटीनेच पाणी तापवलं, दार लोटलं आणि म्हातारीचं अंग पुसलं. पाठीवर पडून पडून झालेल्या जखमा होत्या, चिघळलेल्या. दोन घरांतल्या एकाही माणसाने ती पाठ कधी पाहिली नव्हती. बाईने स्वतःची साडी फाडून पट्ट्या केल्या, डब्यातला भात कालवून दोन घास भरवले. तिला शास्त्र वाचता येत नव्हतं, उपासनेत ती शेवटच्या बाकावर बसायची.

"हात हलका आहे गं तुझा," म्हातारी म्हणाली. दुपारी तीनच्या सुमारास, डॉक्टर पोचायच्या आत, बाईच्या मांडीवरच ती गेली.

अर्ध्या तासात दोन्ही भाऊ धावत आले आणि हमसून हमसून रडले. ते रडणं खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. मग वाद पेटला. थोरला म्हणे, अंत्ययात्रा माझ्या घरून निघेल. धाकटा म्हणे, माझ्या! दोघेही हट्टाला पेटले. शेवटी पाळकसाहेबांनी परत येऊन पुन्हा तोडगा काढला: शवपेटी दोन तास इथे, दोन तास तिथे. शिंप्याच्या बोळात आणि सुताराच्या पडवीत झोपणाऱ्या आईला दोन्हीकडे पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत जागा मिळाली. आम्ही दोन्ही घरी गेलो, दोन्हीकडे चहा प्यायलो.

झाडणारी बाई कुठेच आली नाही. ती थेट दफनभूमीत भेटली.

"बाई, दर्शनाला दिसला नाहीत?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी त्यांना जिवंतपणी भेटले, साहेब," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कोण भेटलं?"

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. ही प्रार्थनाच आहे असं समजून मागून कुणीतरी आमेन म्हणालं.