ओल्या बाळंतिणीची गव्हाण

चौऱ्याण्णवच्या नाताळात घणसोलीच्या ख्रिस्ती मंडळीनं गव्हाण, म्हणजे येशूजन्माचा देखावा, सजवायचं काम विजयमालाकडे दिलं. बर्फाचं काम मात्र कमिटीचे अध्यक्ष दिनानाथराव यांनी स्वतःकडे ठेवलं. बर्फ म्हणजे काय, तर गादीवाल्याचा कापूस. दुपारी बनियन अंगाला चिकटतंय, आणि हे गृहस्थ स्टुलावर चढून हिवाळा पसरतायत. अंगणात नारळ, खाडीला तिवरं, आणि प्रार्थनेच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकचं विलायती झाड. गोरा साहेब गेला, त्याची थंडी आपण देवाच्या पोराला घालून बसलो.

विजयमालाची शेजारीण गोजरा गावातलीच, आगरी. पेंढा द्यायला आली आणि दारात थबकली.

"बाय, ही ओली बालंतीन ना?"

"हो. मरिया."

"मंग तिला बरफान कोनी निजवली? सासूनं?"

विजयमाला हसली नाही. तिची दोन्ही बाळंतपणं नगरला आईनं केली होती. वाऱ्याची फट दिसली की आई तिथं चिंधी कोंबायची. तिनं सगळा कापूस ओढून काढला, वर झावळ्या घातल्या, खाली पेंढा अंथरला आणि समोर मातीची शेगडी मांडली.

दिनानाथराव लाल झाले. "हा नाताळ आहे, बाळंतिणीची खोली नाही. बर्फ लावा, नाहीतर गव्हाण बाहेर."

"बाहेर तर बाहेर. जन्मताना त्याला तरी आत कुणी घेतलं होतं?"

तिनं आणि नवरा विलासनं गव्हाण उचलून नारळाखाली नेली. आत उपासनेला तिला कुणी हाक मारली नाही.

नाताळच्या सकाळी, आत उपासना चालू असताना, गोजरा गावातल्या बाया घेऊन आली. बाळंतविडा घेऊन. खोबरं, डिंकाचे लाडू, शिवलेली कुंची.

"पोर झालाय न् हात हालवत येवाचा का?"

एकीनं शेगडीत निखारे घातले, वर ओवा टाकला. धूर हॉलच्या खिडकीतून आत शिरला. तो वास आतल्या प्रत्येक बाईनं आपापल्या बाळंतपणात बाजेवर घेतलेला. आधी दोघी उठल्या, मग रांगच लागली. शेवटी पाळकसाहेबही बायबल घेऊन बाहेर आले. मागोमाग दिनानाथराव, माईक ओढत.

पाळकांनी मोठ्यानं प्रार्थना सुरू केली.

"जरा हलू," गोजरा म्हणाली, "बाल उठंल."

सगळं अंगण हसलं, पाळकही. आणि विजयमालानं नाताळचं गाणं धरलं, हळूबिळू काही नाही, खाडीपल्याड पोचेल असं.