खोकला यायच्या आधी

माझा नवरा रंगारी. शिडीवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला. मेंदूचं ऑपरेशन झालं आणि घशात नळी घालून त्याला श्वासाच्या यंत्राला जोडलं. त्या दिवसापासून माझे थोरले दीर फुफ्फुसांचे तज्ज्ञ झाले. एरवी ते शाळांचे निवृत्त तपासनीस. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढत आले, इथे गप्प कसे बसणार?

नवऱ्याने डोळे उघडले, तसा त्यांनी अतिदक्षता विभागाच्या दारातच दरबार भरवला. "शुद्ध आली. काढा ती नळी. यंत्राच्या सवयीने फुफ्फुसं आळशी होतात."

"श्वास ते घेतायत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण खोकला नाही, गिळणंही नाही. कफ घशात अडकला तर बाहेर कसा टाकणार?"

"खोकला काय, मलाही नाही."

दुसऱ्या दिवशी बाई रजेवर होत्या. दिरांनी बदली डॉक्टरला आधी आपल्या ओळखी ऐकवल्या, मग तक्रारीचा धाक घातला. मी नको म्हणत होते. "तुला यातलं काय कळतं?" म्हणून मला गप्प केलं. डॉक्टरही बिनकण्याचा; त्याने नळी काढली.

संध्याकाळी नवऱ्याच्या छातीत घरघर सुरू झाली. ओठ निळे पडले. त्याचे डोळे माझा चेहरा सोडेनात. धावपळ करून नळी पुन्हा घातली. आमचे तज्ज्ञ दीर तेवढ्यात फोनचं निमित्त करून जिन्याने पसार झाले होते.

वर न्यूमोनिया झाला, तो वेगळाच. दीर पुन्हा उगवले तेव्हा मी दार अडवलं. "दादा, आत यायचं नाही. घरी जा." ते आल्या पावली जिना उतरले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं.

हळूहळू ताप उतरला. कफ ओढायला नळीत बारीक नळी सारली, की नवरा आता अंग हलवून खोकायचा. डॉक्टरबाईंनी यंत्राचा आधार कमी करून पाहिला, आणि मग नळी काढली. तो खोकला, कफ थुंकला, घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटला. मला एकही शब्द कळला नाही. मी त्याचं तोंड पुसत राहिले.

आता तो घरी आहे. उजवा हात अजून ऐकत नाही. परवा दीर आले आणि शेजाऱ्यांना सांगू लागले, "पहिल्यांदा नळी काढली ना, त्यानेच फुफ्फुसांना सराव झाला."

"त्याच्या व्यायामाची वेळ झाली, निघा आता," मी म्हणाले.

वेळ झाली नव्हती.