उरलेली पुढच्याची

आमच्या घरात नवसाला तोटा नाही. तळमजल्यावर मेणबत्त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक खोली, दोन कढया, साचे आणि माझा नवरा नसीफ. वाती मी वळते. पहिल्या मजल्यावर सासूबाई, त्यांच्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर गच्चीतून वर आलेल्या लोखंडी सळया. आमच्या मल्लवी गावात प्रत्येक घराला अशा सळया असतातच, पुढच्या मुलासाठी मजला चढवायला. सासूबाई धुतलेले कपडे त्याच सळयांना अडकवत आणि एकेक कपडा अडकवताना माझ्याकडे बघत. आम्हाला तेव्हा एकच मुलगी होती, युस्तिना, पाच वर्षांची.

सप्टेंबरात, नैरूझला, आम्हा ख्रिस्ती लोकांचं नवं वर्ष सुरू होतं. त्या दिवशी लाल खजूर आणि पेरू खाता खाता सासूबाईंनी सगळ्यांदेखत संत मार गिरगिसाला नवस बोलून टाकला.

"मार गिरगिस, पुढच्या नैरूझपर्यंत या घरात मुलगा येऊ दे. तुझंच नाव ठेवीन."

मला विचारायचं कारण नव्हतं. माझं काम फक्त नऊ महिन्यांचं होतं.

मार गिरगिसाने सासूबाईंचं ऐकलं की आमचं आम्हीच निस्तरलं, ते देव जाणे. नाताळच्या उपवासात मला उलट्या सुरू झाल्या. त्याच सुमारास नसीफवर आभाळ कोसळलं. आमच्या धर्मगुरूंनी, अबूना तादरोसांनी, चर्चमध्ये विजेच्या मेणबत्त्या आणल्या. पेटीत नाणं टाकलं की एक छोटा दिवा लागायचा. संतांच्या नव्या चित्रांवर काजळी धरते, असं त्यांचं म्हणणं.

"अबूना, मग आम्ही खायचं काय?" नसीफने विचारलं.

"बाळा, उपवासच चालू आहे," अबूना म्हणाले.

नसीफ घरी आला आणि त्यानेही नवस केला. दोन तलवारी उगारलेल्या संत अबू सैफीनला त्याने सांगितलं, हे दिवे घालव, मुलगा झाला तर तुझं खरं नाव ठेवीन, मर्कुरियोस. एकाच मुलाचं नाव दोन संतांना कबूल करून झालं, तेव्हा तो मुलगा माझ्या पोटात लिंबाएवढाही नव्हता.

नाताळच्या रात्री भर प्रार्थनेत वीज गेली. चर्चमधले दिवे एका दमात विझले. बायकांमध्ये एकच ओरडा, "अगं बाई, माझी प्रार्थना अर्ध्यावर बंद पडली!" अबूनांना पुस्तकातलं अक्षर दिसेना. तेव्हा अंधारात कोणीतरी काडी ओढली. ते माझे बाबा होते, युस्तिनाचे गिद्दो. चर्चची झाडलोट करणारे, दार उघडणारे झाखिर. त्यांनी झब्ब्याच्या दोन्ही खिशांतून मेणबत्त्यांची थोटकं काढली आणि एकेक करून लोकांच्या हातात दिली.

थोटकं त्यांच्या खिशात कायमच असायची. लोक वाळूच्या तबकात मेणबत्ती लावून वळले, की बाबा ती अर्ध्यावर विझवत आणि मागच्याला जागा करून देत. ती थोटकं पिशवीत भरून आमच्या कारखान्यात येत आणि वितळून पुन्हा मेणबत्त्या होत. त्या पिशवीपायीच माझं लग्न जमलं. सासूबाई मला अजून ऐकवतात, "तुझ्या बापानं अर्ध्या गावाच्या प्रार्थना विझवल्या."

बाबा सासूबाईंपुढे हसायचे. म्हणायचे, "देवानं एकदा पाहिली की झालं, मातिल्दाबाई. उरलेली पुढच्याची."

दुसऱ्या आठवड्यात विजेचे दिवे अडगळीत गेले आणि नसीफच्या कढया पुन्हा पेटल्या. त्याने अबू सैफीनच्या चित्रापुढे सात मेणबत्त्या लावल्या. बाबांपुढे कोण लावणार? ते नुसता चहा पिऊन गेले.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात बाबा वारले. सकाळी चर्चचं दार उघडून पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत. खिशात एक जाड थोटूक होतं, ते मी घरी आणून चित्रांच्या फळीवर ठेवलं. मला भाऊ नाही. बाबांचं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं. पोटात बाळ लाथा मारत होतं आणि मी रडत होते. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं, मुलगा झाला तर झाखिर.

मी नसीफला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." नवऱ्याच्या बघूचा अर्थ कोणत्याही बायकोला समजावून सांगावा लागत नाही.

प्रेषितांच्या उपवासात मुलगा झाला. सगळं घर उकडलेल्या घेवड्यावर आणि बाळंतीण म्हणून मला कोंबडीचं सार. सासूबाई ते स्वतः शिजवत, पातेल्यावर वाकून वास घेत आणि म्हणत, "माझ्या गिरगिससाठी करतेय, नाहीतर उपवासात हात लावला नसता." नसीफ आत येऊन म्हणे, "मर्कुरियोस झोपला का?" मी बाळाला नुसतं 'हा' म्हणायची.

शेवटी ठरलं की सातव्या दिवशी रीतीप्रमाणे मेणबत्त्या लावायच्या. प्रत्येक नावाची एक, जी शेवटपर्यंत टिकेल ते बाळाचं नाव. भांडण नको म्हणून नसीफने दोन मेणबत्त्या एकाच साच्यात, एकाच वातीच्या, सगळ्यांसमोर ओतल्या. मी तिसरीचं विचारलं.

"तिसरा संत कुठला?" सासूबाई म्हणाल्या. "झाखिर नावाच्या संताचा सण कधी असतो गं?"

मी तोंड फिरवून पडून राहिले. पण बाळंतिणीला पडल्या पडल्या सगळं ऐकू येतं. त्या दुपारी सासूबाई पाय न वाजवता कारखान्यात गेल्या. त्या वर आल्यावर नसीफ गेला.

सातव्या दिवशी घर माणसांनी भरलं. बाळाला चाळणीत घालून हलवलं, मीठ उधळलं. सासूबाईंनी त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता कुटला आणि ओरडल्या, "आजीचं ऐक! बापाचं ऐकू नको! आईचं तर मुळीच नको!" अबूना तादरोस बाळंतिणीच्या घरचं गरम मुघात पीत म्हणाले, "हा मेणबत्त्यांचा प्रकार चर्चला मान्य नाही बरं का. अंधश्रद्धा आहे." मग झग्यातून एक बारीक मेणबत्ती काढली. "लावताच आहात, तर एक तादरोसची पण लावा."

मेणबत्त्यांना वारा लागू नये म्हणून पंखा बंद केला. जुलैचा महिना. सगळे घामाने निथळत ज्योतींकडे बघत बसले. अबूनांची काडीएवढी मेणबत्ती सर्वांत आधी संपली. "देवाची इच्छा," म्हणून त्यांनी मुघातचा दुसरा पेला घेतला.

उरलेल्या दोन मेणबत्त्यांकडे मी नीट पाहिलं आणि मला हसू फुटलं. ज्योत मसुरीच्या दाण्याएवढी. मेण जाड आणि वात दोऱ्यासारखी. मेणबत्ती जास्त वेळ टिकावी म्हणून दोघांनीही गुपचूप आपापली पुन्हा ओतून तीत बारीक वात घातली होती. मेणवाल्याच्या घरातली माणसं, पण हावेपुढे अक्कल चालत नाही. अशी वात आपल्याच मेणात बुडते. आधी गिरगिस फुसकन विझला. नसीफच्या तोंडावर हसू येतंय न येतंय तोच मर्कुरियोसही बुडाला.

"तू वात बदललीस?" सासूबाई कडाडल्या.

"आई, तू बदललीस का?"

"तुझ्या जन्माआधीपासून वाती वळतेय मी! मला विचारतोस?"

"म्हणूनच विचारतोय."

"अजून एक आहे की," युस्तिना म्हणाली.

सगळे वळले. फळीखाली वाळूच्या ताटलीत बाबांचं जाड थोटूक चांगलं पेटलेलं होतं.

"ही कोणाची गं?" अबूनांनी विचारलं.

"गिद्दो झाखिरची. सगळ्यांनी लावल्या, त्यांचीच राहिली होती, म्हणून मी लावली."

"ती धरायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती ठरलेली नव्हती."

माझ्या टाक्यांना ताण बसत होता, तरी मी उठून उभी राहिले. "धरायची. तुमच्या दोघांच्या लबाडीच्या होत्या, ही एकटी खरी आहे. माझ्या मुलाचं नाव झाखिर. नाहीतर तुम्ही नावं ठेवत बसा, मी त्याला हाक मारणार नाही."

अबूना पेल्यात बघू लागले. मग नसीफ बोलला, खाली मान घालूनच.

"आई, नाताळला दिवे विझले तेव्हा अबू सैफीन आला नव्हता. खिशातून थोटकं काढून कोणी दिली, ते तूही पाहिलंस, मीही पाहिलं."

सासूबाई त्या ज्योतीपाशी गेल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, अंगठा आणि बोट जिभेला लावलं आणि थोटूक विझवलं.

"देवानं पाहिली," त्या म्हणाल्या. थोटूक फुंकून गार केलं आणि झग्याच्या खिशात टाकलं. "उरलेली पुढच्याची. आणि पुढचा गिरगिस. आत्ताच सांगून ठेवते, मग म्हणू नका."

आणि त्यांनी छताकडे, सळया होत्या त्या बाजूला पाहिलं.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. बाळंत होऊन आठवडा झाला होता, धड बसता येत नव्हतं आणि पुढच्या बाळंतपणाची बोलणी झालीसुद्धा. कोणीतरी पंखा लावला. चाळणीतलं बाळ वाऱ्याने दचकून रडायला लागलं, तेव्हा सर्वांत आधी धावल्या त्या सासूबाईच.

"ओ, ओ, झाखिर," त्या म्हणाल्या. "गप रे राजा. झाखिर."