पुडीची गाठ

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी जो तो आनंदात होता. कशाचा आनंद ते विचारलं, तर उस्मानाबादचे हेलपाटे वाचले, यापलीकडे कुणाला फारसं सांगता आलं नसतं. पण कमानी उभ्या राहिल्या, भाषणं झाली, आणि भाषणांना कंटाळलेल्यांची सोय म्हणून एका शाळेच्या हॉलात कारागिरांचं प्रदर्शनही भरलं. चाकूरजवळच्या खेड्यातली पारूबाई तिथं आपली मातीची माणसं मांडून बसली होती.

तिचं सामान म्हणजे तळ्याची काळी माती, गेरू, चुना, काजळी आणि रस्त्यात सापडेल ते. सायकलच्या तारेचे हात, बाटलीच्या बुचांचे डोळे, एसटीच्या तिकिटांचा पदर. गावातले लोक तिला उकिरड्यावरची पारू म्हणायचे आणि पोळ्याला मातीचे बैल न्यायला तिच्याच दारात यायचे. तिचा एक नेम मात्र होता. सापडलेली वस्तू ती आधी गावभर दाखवायची, कुणाची हरवली का विचारायची. कुणी हात पुढं केला नाही, तरच ती तिच्या माणसांच्या अंगाला लागायची.

या माणसांत तिचा लाडका होता दुष्काळ्या. हातभर उंच, बरगड्या निघालेला, छातीच्या जागी काळी पडलेली गोल डबी आणि डोकं म्हणून दगड. बाहत्तरच्या दुष्काळात गावचं तळं आटलं, गाळ काढायचं सरकारी काम निघालं, तेव्हा पारूबाईच्या खोऱ्याला ही जोडी लागली होती. डबी आणि दगड एकाच जाड रेशमी दोऱ्यानं एकमेकांना आवळलेले. तिनं मुकादमाला दाखवली. कुणा म्हाताऱ्याची जर्मनच्या हलक्या पत्र्याची चुन्याची डबी असेल, टाक तिकडं, असं म्हणून त्यानं विषय संपवला. गावातही कुणी ओळख सांगितली नाही. गाठ काही केल्या सुटेना, मग पारूबाईनं तिचा नाद सोडला. डबीची छाती, दगडाचं डोकं, मधल्या दोऱ्याची मान, डबीचं तोंड तेवढं उघडं ठेवून वरून माती थापली, गेरू फासला, नि दुष्काळ्या उभा राहिला. दहा वर्षं तो तिच्या फळीवर होता. आता तर प्रदर्शनवाल्या साहेबांनी त्याला नव्या कलेक्टर कचेरीत ठेवायचं ठरवलं होतं. पारूबाईचे पाय सकाळपासून जमिनीवर टेकत नव्हते.

दुपारी चाकूरचे किराणा दुकानदार रेवणप्पा आपल्या सुनेला, उमादेवीला घेऊन आले. रेवणप्पा दारातच कुणाशी तरी बोलत राहिले. उमादेवी एकेक बाहुली बघत पुढं आली, तिकिटांचा पदर बघून हसली, आणि दुष्काळ्यासमोर आल्यावर तिचं हसणं जागच्या जागी थिजलं.

तिनं हात पुढं केला. अंगठ्यानं छातीवरची काजळी पुसली. खालून कोरलेलं बेलाचं पान निघालं, त्याचं एक दल अर्धंच उठलेलं. उमादेवी मटकन खाली बसली. उन्हानं चक्कर आली असेल असं वाटून पारूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली, तर तिनं तांब्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, हे कुठं घावलं तुमाला?"

पारूबाईनं तळ्याचं, गाळाचं सांगितलं. तोवर रेवणप्पा आले. त्यांनी डबी बघितली आणि त्यांच्या हातातली काठी गळून पडली.

ती चुन्याची डबी नव्हती. जर्मनचीही नव्हती, चांदीची होती. रेवणप्पांच्या थोरल्या मुलाच्या, उमादेवीच्या नवऱ्याच्या, शिवमूर्तीच्या गळ्यातलं इष्टलिंग तिच्यात होतं. लिंगायताच्या अंगावरचं लिंग जीव असेतो उतरत नाही, मेल्यावरही ते बरोबरच पुरतात. पारूबाईनं हे ऐकलेलं होतं, पण सदऱ्याच्या आत असणारी वस्तू तिला कोण कशाला दाखवणार? मेलेल्या माणसाचं लिंग तिनं दहा वर्षं फळीवर मांडलं होतं, वर गेरू फासून.

शिवमूर्ती दुष्काळाच्या आधीच्या पावसाळ्यात घरातून निघून गेला होता. बापाशी कुरबुर झाली होती, पण ती कुठल्या घरात होत नाही? तो कर्नाटकात कुठल्याशा मठात गेला, असं रेवणप्पांनी लोकांना सांगितलं आणि सांगता सांगता त्यांनाही ते खरं वाटायला लागलं. उमादेवी तेव्हा विशीतली. देवाच्या ओढीनं गेलेला माणूस आज ना उद्या परततो, या भरवशावर तिनं कुंकू लावलं, बांगड्या भरल्या, दुकानाच्या गल्ल्यावर बसून पुड्या बांधल्या. आणि आता हे तळं निघालं.

"बुडाला गं माझा पोरगा," रेवणप्पा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

हॉलातलं प्रदर्शन तिथंच संपलं. बायका भोवती जमल्या. बायकांना अशा वेळी काय करायचं ते कुणी सांगावं लागत नाही. एकीनं उमादेवीला पोटाशी धरलं, दुसरीनं तिची दोन्ही मनगटं हातात घेतली. आता या बांगड्या हातात ठेवू नयेत बाई, असं ती समजावणीच्या सुरात सांगत होती. उमादेवीनं हात तसेच सैल सोडून दिले होते.

ते सैल हात बघून पारूबाईला स्वतःचे हात आठवले. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्याही बांगड्या अशाच फोडल्या होत्या. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली होती, असलं काही करायचं नाही हे सगळ्यांना पाठ होतं, तरी चार म्हाताऱ्या दगड घेऊन बसल्याच. काचेचा वळ अजून मनगटावर होता. पण तिचा नवरा खरोखर गेला होता. इथं तसं म्हणायला पारूबाईची जीभ रेटेना, कारण तिला जे ठाऊक होतं ते या हॉलात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. डबीला कुणीतरी हातानं बांधलेला दगड मातीच्या आत होता.

गप्प बसणं सोपं होतं. डबी तेवढी काढून द्यायची, दोरा आतल्या आत तोडायचा, दगड डोकं म्हणून राहिला असता. त्या बाईला निदान एक मरण मिळालं असतं, रडून मोकळी झाली असती. दगड बाहेर काढला तर तिला काय मिळणार होतं? पारूबाईला त्याची भीती वाटली. पण जित्या माणसाच्या नावानं बांगड्या फुटणार, हे तिला बघवेना.

"थांबा," ती म्हणाली. "त्या डबीसंगं अजून एक चीज हाय. आधी ती बघा, मग काय करायचं ते करा."

तिनं दुष्काळ्याला उचललं. प्रदर्शनवाले साहेब मधे पडले, हे कचेरीसाठी निवडलंय म्हणाले. पारूबाईनं त्यांना हातानंच बाजूला केलं आणि टेबलाच्या कडेवर दुष्काळ्याची मान आपटली. दहा वर्षांची माती खळकन फुटली. टेबलावर डबी, दगड आणि दोघांना धरून ठेवणारा काळा दोरा एवढंच उरलं. दोरा कुठं तुटला नव्हता. शिस्तीत तीन फेरे घेऊन गाठ मारलेली होती.

उमादेवी उठली. मनगट धरणाऱ्या बाईचा हात तिनं बाजूला केला आणि टेबलावर वाकली. साखरेच्या, चहाच्या पुड्या बांधण्यात तिची दहा वर्षं गेली होती. त्याआधी तिच्या नवऱ्यानं बांधलेल्या पुड्या ती घरात सोडायची आणि रोज वैतागायची, कारण शिवमूर्ती डावखुरा होता. त्याचा दोरा उलटा फिरायचा, शेवटचं टोक फेऱ्याखाली खोचलेलं असायचं आणि ते दातांशिवाय सुटायचं नाही. तिनं नखानं ते टोक चाचपलं. तिथंच होतं, खोचलेलं.

"ही गाठ त्यांचीच हाय," ती म्हणाली.

आधी कुणाला काही उमगलं नाही. मग रेवणप्पांचा चेहरा उजळला. बुडणारा माणूस गळ्यातलं काढून, दगड बांधून, टोक खोचून बुडत नाही. त्या तळ्याच्या बांधावरूनच एसटीच्या फाट्याला वाट जाते. पोरगा बुडाला नाही, पोरगा गाडीत बसला. "जिता हाय, उमा, जिता हाय आपला शिवा," असं ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर पुन्हा दगडावर गेली. लिंग वर तरंगू नये, कुणाला सापडू नये म्हणून त्यानं तो बांधला होता. असा माणूस कुठल्या मठात गेला असेल? मेल्याची बातमी रेवणप्पांना रडवून गेली होती. या बातमीला काय करावं तेच त्यांना कळेना.

पारूबाई उमादेवीकडं बघत होती. आता ही कोसळणार, आपण तिचं मरणसुद्धा हिरावून घेतलं, असं तिला वाटत होतं.

उमादेवी कोसळली नाही. तिनं डाव्या हाताची बोटं आवळून धरली आणि एक हिरवी बांगडी सरकवून काढली. मग दुसरी. बांगड्या घट्ट होत्या, हाड दुखत असणार, पण तिनं घाई केली नाही. बायकांपैकी एकीनं तिला अडवलं, अगं तो जिवंत आहे, हे काय करतेस म्हणाली.

"मेले असते तर फोडल्या असत्या," उमादेवी म्हणाली. "त्यांनी काढून टाकलं. म्या बी काढून ठिवते."

दोन्ही हात मोकळे झाले. डबी तिनं दोऱ्या-दगडासकट उचलून सासऱ्यांच्या ओंजळीत ठेवली. बांगड्यांची चळत मात्र तिनं टेबलावर फुटक्या मातीच्या ढिगाशेजारी मांडली आणि पारूबाईकडं सरकवली.

"तुमच्या बाहुल्यांना घाला, मावशी. कुणाच्या म्हणून गावात विचारत बसू नका, ह्या हरवलेल्या न्हाईत."

सासरे आणि सून दाराकडं निघाले, पुढं सून, मागं सासरे. पारूबाईनं बांगड्यांवर हात ठेवला. त्या अजून कोमट होत्या.