खिल्लारे काकांचं एफ-वन

"परत दाब," रत्नपाल म्हणाले.

निलमने परत एफ-वन दाबलं. पडद्यावर एक पांढरी चौकट उघडली आणि पांढरीच राहिली.

"तीन डाव झालं काका. आत काईच येऊन न्हाई राहिलं."

खिडकीबाहेर मोतीबाई उभी होती. तांड्यावरून सकाळच्या जीपने आली होती. नातीच्या जात पडताळणीसाठी तिला नवऱ्याच्या, म्हणजे वारलेल्या थावराच्या, शाळेतल्या जुन्या नोंदीचा उतारा हवा होता, आणि सोमवार ही शेवटची तारीख होती. निलमने थावराचं नाव आणि जन्मतारीख टाकून नोंद शोधली, तर ती सापडली, पण जातीचा रकाना कोरा. असला उतारा घेऊन गेलं तर समितीवाले दारातूनच परत पाठवतात.

यावर काय करायचं हे रत्नपालना पाठ होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगत नव्हते. निलमने ते एफ-वनमधून काढावं असा त्यांचा हट्ट होता, आणि दमलेल्या माणसाचा हट्ट फार वाईट असतो.

रत्नपाल खिल्लारे आखाडा बाळापुरातल्या या शाळेत तेहतीस वर्षं कारकून होते. शनिवारी, एकतीस मेला, निवृत्त होणार होते. पहिलीत घालताना मास्तरांनी वाडीवस्तीवरच्या सगळ्या पोरांसारखी त्यांचीही जन्मतारीख अंदाजाने एक जून ठोकली होती. घरी कधी परतायचं हेही त्या मास्तरांनीच ठरवून टाकलं म्हणायचं. त्यांच्या जागी नवा कारकून येणार नव्हता. सहा महिन्यांपूर्वी कंत्राटावर आलेली निलम, तीच आता कार्यालय.

अकरा वर्षांपूर्वी शाळेची जुनी रजिस्टरं संगणकात चढवली, तेव्हा नांदेडच्या गोपीचंदने सॉफ्टवेअर करून दिलं आणि एफ-वन दाबलं की मदत उघडेल अशी सोय ठेवली. ती मदत रत्नपालनी स्वतः लिहिली. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, एकसष्ट पानं. कोणतं रजिस्टर वाळवीने खाल्लं आणि त्याची नक्कल कुठल्या कपाटात आहे, कोणत्या साली दोन वर्गांचे क्रमांक एकमेकांत मिसळले, सगळं त्यात होतं. आपण गेलो तरी शाळेचं अडू नये, एवढीच त्यामागची इच्छा होती. आयुष्यात त्यांनी लिहिलेलं दुसरं काही नव्हतं.

त्यांनी कीबोर्ड बदलून पाहिला. कळीखालची धूळ फुंकली. दुसऱ्या संगणकावर बसून दाबलं, तिथेही पांढरी चौकट. कूलरमधलं पाणी संपून नुसती गरम हवा येत होती. शेवटी त्यांनी गोपीचंदला फोन लावला.

"एफ-वन?" गोपीचंद हसला. "काका, ते कोण दाबतं हो आता?"

"लागतं इथं. काहून बंद पडलं ते सांग."

"तुमचे नवे संगणक आले ना, त्याची करामत हाय. मदतीची फाईल मोठ्या संगणकावर ठेवलेली हाय, अन् हे नवे दुसरीकडची तसली फाईल उघडत न्हाईत. ती उचलून जिथं लागते त्या संगणकात ठेवा. जागा मी सांगतो, लिवून घ्या."

रत्नपाल कागद शोधू लागले. तेवढ्यात मोतीबाई खिडकीच्या गजाला धरून खाली बसली आणि तिथूनच बोलली.

"सायेब, तुमाला ठावं हाये ना? मंग सांगून टाका की. दीडची जीप गेली तं मला संध्याकाळपस्तोर गाडी न्हाई."

बाई चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकून बोलली. रत्नपालना स्वतःची लाज वाटली. आपल्या हट्टापायी ही बाई दोन तास उन्हात उभी आहे, हे त्यांना दिसत होतं आणि तरी ते कीबोर्ड फुंकत बसले होते.

"निलम, जन्मतारीख खोड," फोन ठेवून ते म्हणाले. "नुसतं बापाचं नाव अन् तांडा टाक. ही लेकरं ऊसतोडीला जायची. परत आली की मास्तर नव्यानं दाखल करायचे अन् दर डाव नवी जन्मतारीख टाकायचे. एका पोराच्या तीन-तीन नोंदी हायेत. सगळ्यात जुनी बघ."

तीन थावरा निघाले. तिघेही एक जूनचे, साल तेवढं वेगळं. सर्वांत जुन्या नोंदीत जात स्पष्ट लिहिलेली होती. सही-शिक्का झालेला उतारा मोतीबाईने ब्लाउजात न ठेवता पिशवीतल्या वहीत सरळ घातला, घडी पडू नये म्हणून, आणि जीप गाठायला निघाली.

"हे मला आधी सांगितलं असतं तं, काका?" निलम म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"लिवलंय त्यात. चौदाव्या पानावर."

मग त्यांनी गोपीचंदला परत फोन लावला आणि तो सांगेल तसं केलं. फाईल हलवली, एफ-वन दाबलं आणि एकसष्ट पानं उघडली. रत्नपालना हायसं वाटलं. फोनवर गोपीचंद म्हणाला, "शेजारी एक यादी दिसंल. मदत कधी उघडली, कुणी उघडली, त्याची. बराबर चालते का तेवढं बघून घ्या."

त्यांनी यादी उघडली. सगळ्यात खाली आजच्या नोंदी होत्या. त्यांच्या वरची नोंद दोन वर्षांपूर्वीची, नवे संगणक यायच्या आधीची. नाव रत्नपाल. त्याच्या वर रत्नपाल. ते वर सरकत राहिले. अकरा वर्षांत चार शिपाई, दोन मुख्याध्यापक आणि पाच-सहा कंत्राटी पोरंपोरी या खोलीत बसून गेली, पण आजच्या नोंदी सोडल्या तर यादीत दुसरं नाव नव्हतं. नवीन पान लिहिलं की ते उघडतं का, हे ते स्वतःच पाहायचे, तेवढंच. कळ दोन वर्षं बंद होती आणि ते त्यांनाही आज कळत होतं.

"झालं का चालू?" गोपीचंदने विचारलं.

"झालं. बराबर हाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि यादी बंद केली.

खिडकीशी दुसरा माणूस आला होता. निलम पडद्यात वाकून बघत होती. तिचा डावा हात कीबोर्डच्या कोपऱ्यावर टेकलेला होता, एफ-वनपासून बोटभर अंतरावर.

"काका," तिने मान न वळवता हाक मारली, "ह्यो आजोळी राहून शिकलेला हाय. याचं गाव कोणतं धरायचं?"

एकतिसाव्या पानावर होतं. रत्नपाल टेबलाला हात टेकून उठले, खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि सांगायला बसले.