सुईणबुवाची पोरगी

करडू आडवं आलं होतं. शेळी पहाटेपासून कण्हत होती आणि सुईणबुवा कोपरापर्यंत साबण लावून तिच्या मागं गुडघे टेकून बसला होता. पोरगी शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, डोकं लागतंय का हाताला?"

"डोकं कुठलं? पाठच लागतेय."

"मग आधी आत सारा. कळ ओसरली की सारायचं, कळ आली की थांबायचं."

"मला शिकवतेस होय गं? तू रांगत होतीस तेव्हापासून हेच करतोय मी."

"आणि मी ते तेव्हापासून बघतेय. सारा आता!"

त्यानं सारलं. पाय हाताला आले, मग तोंड आलं आणि करडू ओल्या चिंधीसारखं गोणपाटावर पडलं. हललं नाही. पोरीनं झटकन त्याच्या नाकातला चिकटा पुसला, उलटं धरून पाठ चोळ चोळ चोळली. करडू शिंकलं. मग असं काही ओरडलं की चुलीपुढून बायको हसत बाहेर आली.

"घ्या, दोन सुइणी आणि एक बाळंतीण! घरात पाणी भरायला मात्र कुणी नाही."

सुईणबुवा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण अडलेली शेळी असो, गाय असो, पंचक्रोशीतून माणसं त्यालाच हाक मारत. पुरुष असून सुईण, म्हणून कुणीतरी थट्टेनं म्हटलं आणि ते चिकटलं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. हात लहान होते त्याचे, बाईसारखे. पोरीनं बापाचे हात घेतले होते, आणि डोकं मात्र कुणाचं घेतलं ते देवाला ठाऊक.

पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेआधीची सुट्टी म्हणून घरी आली होती. दाराच्या आतल्या बाजूला तिनं एक कागद चिकटवला होता. आधी हा डिप्लोमा, मग दोन वर्षांची डिग्री, मग बाळंतपणाचं खास शिक्षण. ते झालं की डॉक्टरची वाट न बघता नर्सनं स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करायचं, औषध लिहून द्यायचं. त्याच्याही पुढं कॉलेजात शिकवायचं. सुईणबुवाच्या जिभेला ती नावं झेपत नसत. त्यानं आपला सोपा हिशेब केला होता: पहिलं वेत, दुसरं वेत, तिसरं वेत.

"पहिल्या वेताचे बोकड विकले की हे वर्ष निघालं," तो बायकोला सांगे. "दुसऱ्या वेतात डिग्री. तिसऱ्या वेताला आपली पोरगी डॉक्टरलासुद्धा विचारणार नाही."

"आणि लग्न कितव्या वेताला?" बायको विचारी.

"ते ती आणि शेळ्या बघून घेतील."

करडू जन्मल्याला आठवडा झाला नसेल. एका सकाळी लंगडी म्हातारी शेळी चाऱ्याला तोंड लावेना. दुसऱ्या दिवशी तिच्या नाकाला शेंबूड, डोळ्यांना चिपडं. तिसऱ्या दिवशी तोंडात फोड आणि मागून पाण्यासारखी हगवण. गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला, लांबूनच बघून त्यानं मान हलवली.

"साथीचा रोग आहे. वरच्या अंगाच्या गावांत हाच आलाय. लस टोचली होती का?"

"लस संपली, पुढच्या महिन्यात येईल, असं तुम्हीच म्हणाला होता की, साहेब."

डॉक्टर मोटारसायकलच्या किल्लीशी चाळा करत राहिला. "आता टोचून उपयोग नाही. आजारी बाजूला काढा. पाणी पाजत राहा. आणि एकही शेळी गावाबाहेर जाऊ देऊ नका."

पोरीनं पुस्तकं मिटली. मीठ-साखरेचं पाणी करून ती बाटलीनं एकेकीला पाजू लागली, तोंडातले फोड धुऊ लागली. दिवसातून तीनदा ताप बघायची. म्हातारी गेली. मग तिच्या शेजारची. मग तिघी एकाच दुपारी. शेवटी ते नवं करडू, जे तिनं उलटं धरून जागं केलं होतं, तेही तिच्या मांडीवरच थंड पडलं. त्याला पुरून आल्यावर ती हात धूत बसली ती उठेचना.

"इतकं शिकून काय उपयोग गं?" बायको न राहवून म्हणाली. मग स्वतःच तोंडाला पदर लावला.

कॉलेजातून फोन आला होता. दहा तारखेच्या आत फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. आणि शेळ्या घ्यायला व्यापारी येणार होता गुरुवारी. त्याच्याशी बोलणं महिन्यापूर्वीच झालं होतं. गुरुवारी सकाळी पोरगी गोठ्याच्या पुढच्या बाजूला आली तर बाप अकरा शेळ्या वेगळ्या बांधून ओल्या फडक्यानं त्यांची नाकं पुसत होता.

"बाबा, हे काय चाललंय?"

"या धडधाकट आहेत."

"यातल्या सहांना ताप आहे. कालच बघितलाय मी."

"तुझ्या त्या काचेच्या नळीला बोलता येत नाही. तू गप्प बस म्हणजे झालं."

"त्याच्या घरी तीस शेळ्या आहेत, बाबा! त्याच्या शेजाऱ्यांच्या किती असतील!"

"आणि माझ्या घरी एक पोरगी आहे!" सुईणबुवा ओरडला. त्याचा आवाज इतका चढलेला त्यानंही कधी ऐकला नव्हता. मग फडकं पिळत हळूच म्हणाला, "विकून चार दिवसांनी त्या मेल्या, तर त्या त्याच्या नशिबानं मेल्या. इथं मेल्या तर तुझ्या नशिबानं. मी बाप आहे तुझा. कुणाचं नशीब बघू?"

पोरीनं जवळच्या शेळीचा कान हातात धरला, तो भाजत होता.

व्यापारी टेम्पो घेऊन आला. गोल पोटाचा, बोलका माणूस. त्यानं शेळ्यांचे दात बघितले, पाठीवर मूठ दाबून बघितली. भाव ठरला. सुईणबुवा तोंडदेखला हसत होता, पण त्याची नजर टेम्पोच्या चाकांवरून वर येत नव्हती. व्यापाऱ्यानं खिशातून पुडकं काढलं. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तो तिनं खाली ठेवला.

"काका, नेऊ नका. यांना साथ लागलीय."

व्यापाऱ्याचा हात तसाच थांबला. त्यानं सुईणबुवाकडं बघितलं. सुईणबुवा कुडाची एक काडी मोडत होता. एकीचे दोन, दोनाचे चार तुकडे करत राहिला.

"खरं का रे?"

सुईणबुवानं काडीचे तुकडे खाली टाकले. व्यापाऱ्यानं पुडकं परत आत घातलं.

"काका, तुमच्या गोठ्यात जायच्या आधी चपला नि चाकं सोड्याच्या पाण्यानं धुऊन घ्या," पोरगी म्हणाली.

टेम्पो रिकामा गेला. आजारी म्हणून बाजूला काढलेल्या सगळ्या गेल्या, अकरांतल्याही नऊ गेल्या. दोन उरल्या, हाडांच्या काटक्या झालेल्या. दहा तारीख आली आणि गेली. कॉलेजच्या कारकून बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. पोरगी बाजारगावातल्या एका दवाखान्यात कामाला लागली. फरशी पुसायची, भांडी उकळायची, बेडपॅन धुवायचे. सुई हातात धरायची परवानगी नव्हती. तिच्यापेक्षा कमी शिकलेली एक बाई पांढरा कोट घालून तिला "ए, बादली आण" म्हणायची.

दोन महिन्यांनी बातमी आली. व्यापाऱ्यानं त्याच आठवड्यात दुसऱ्या गावातून शेळ्या घेतल्या होत्या. तिथल्या माणसानं तोंड उघडलं नव्हतं. तीसच्या तीस गेल्या, टेम्पोही विकला गेला.

रविवारी पोरगी घरी आली तेव्हा सुईणबुवानं ते सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "मग तुझं खरं कुणाच्या कामाला आलं गं? त्याचं वाचलं नाही, आपलंही गेलं."

"आपल्या दारातून गेली नाही ना साथ, बाबा."

"त्यानं काय झालं?"

"काही नाही झालं," ती म्हणाली. रडली नाही, पण जेवलीही नाही. दारावरचा कागद बायकोनं कधी काढून ठेवला ते कुणी विचारलं नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी व्यापारी चालत आला. पोट ओसरलं होतं. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "पोरगी कुठंय तुझी?"

"कामावर. का? काय पाहिजे?"

"सून आठव्या महिन्यात आहे. पायांना सूज आहे, आता तोंडही सुजलंय. कालपासून डोकं धरून बसलीय. एकजण म्हणतो गारठ्याचं आहे, दुसरी म्हणते असंच असतं. कुणाचं ऐकू? म्हटलं, जिनं स्वतःचं नुकसान करून खरं सांगितलं, तिलाच विचारू."

सुईणबुवानं फोन लावला. पलीकडून बादलीचा आवाज आला. पोरीनं दोनच प्रश्न विचारले. डोळ्यांपुढं अंधारी येते का? पोटात वर दुखतं का? व्यापारी दोन्हीला हो म्हणाला.

"मग बसू नका, काका. आत्ता निघा. लहान दवाखान्यात नको, मोठ्या हॉस्पिटलात. पहिल्या गाडीनं. झटके आले तर दोघंही जातील."

उठताना तांब्या लवंडवून व्यापारी धावत सुटला.

पाचव्या दिवशी तो पुन्हा आला. नात झाली होती, मुठीएवढी, पण रडत होती. सून वाचली होती. अजून अर्धा दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. व्यापाऱ्याजवळ द्यायला काहीच नव्हतं आणि ते त्याला सारखं बोचत होतं. जाताना कुंपणापाशी थांबून तो म्हणाला, "आमच्याकडच्या बायका विचारत होत्या. पोरगी पुरती नर्स कधी होणार? नाही म्हणजे, तिच्याकडंच यायचं म्हणतात सगळ्या."

सुईणबुवाच्या ओठांवर 'पुढच्या वर्षी' आलं होतं. दोन शेळ्या होत्या, त्याही अजून गाभण नव्हत्या. त्यानं ते गिळलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.