ठरलेल्या शिलेदाराचा शोध

माझी वहिनी नट निवडते. एखादी मालिका ठरली, लिहून झाली, की त्यातला सासरा कोण, इन्स्पेक्टर कोण, दारात येऊन नुसतं ‘साहेब आलेत’ एवढंच म्हणणारा कोण, हे ती ठरवते. मी तिची नणंद. कॅमेऱ्यामागे उभी राहून ऑडिशन टिपायचं काम माझं. घरात आमचं भांड्यांवरून वाजतं, पण कामावर वहिनीने नुसता चष्मा वर सरकवला तरी मला कळतं की समोरच्याचं काही खरं नाही.

‘शिलेदार’ परत येणार म्हटल्यावर मात्र आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत सुटलो होतो. आमच्या वयाचा कुणीही त्या मालिकेवर वाढलेला. राखी रंगाचा लांब कोट घातलेला, चांगल्या घरातला माणूस. गुंडाच्या घरात खिडकीतून नाही, पुढच्या दाराने शिरायचा. कुलूप तोडण्याआधी ‘आपली हरकत नसेल तर’ म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता तोडायचा. गरिबाचं लुबाडलेलं परत आणून द्यायचा, चहाला मात्र थांबायचा नाही. माझ्या भावाने लग्नाआधी वहिनीवर छाप पाडायला तसला कोट शिवून घेतला होता. त्यात तो उशीच्या अभ्र्यासारखा दिसायचा, तरी वहिनीने होकार दिला. एवढं त्या शिलेदाराचं वजन!

चॅनेलच्या प्रमुखांनी वहिनीला बोलावून घेतलं. या साहेबांना आम्ही आपसात ‘मधाचं बोट’ म्हणायचो, कारण बोलणं संपेपर्यंत त्यांनी आपल्याला काय लावलं ते कळायचं नाही. ते म्हणाले, “नवा शिलेदार तुम्ही शोधायचा. खुला शोध. नाव नको, ओळख नको, वशिला नको. जो योग्य असेल तो.”

“शब्द देताय?” वहिनीने विचारलं.

“अहो, तुमच्यासारखी बाई असताना शब्दाची गरज काय?” ते म्हणाले.

या वाक्यात शब्द दिलाच नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शोध सुरू झाला. जाहिरात लागली आणि माणसांचा लोंढा आला. लोकांनी नोकरीवरून रजा काढल्या, लांबून प्रवास केले, कोट उसने आणले. एकाने आपल्या वरातीचा घोडा आणला आणि फाटकावरच्या रखवालदाराशी भांडण उकरून काढलं. वहिनी प्रत्येकाला बसवून, पाणी विचारून, नीट ऐकून घ्यायची. ‘आलेला माणूस अर्धं काळीज हातात घेऊन आलेला असतो,’ असं ती मला नेहमी बजावायची.

आमच्याबरोबर बसायला जुने शिलेदार यायचे. म्हणजे मूळ मालिकेत ती भूमिका केलेले नट. आता सत्तरी ओलांडलेले, पण मिशी काळीकुळकुळीत आणि मान ताठ. पहिल्या दिवशी आले तेच तणतणत. “मी अजून हयात आहे, हे या मंडळींना कुणी कळवलंय का?” मग खुर्चीत बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवू लागले. हा चालतो कसा, पोस्टमन वाटतो. हा बोलतो कसा, दात काढून घेतलेत का याचे? एक देखणा मुलगा चांगलं काम करून गेला तर म्हणाले, “छान आहे. माझा पुतण्या म्हणून घ्या.”

ऑडिशनचा प्रसंग एकच होता. गुंडाने घरातल्या मोलकरणीला खुर्चीला बांधून ठेवलंय आणि शिलेदार आत येतो. गुंडाची वाक्यं पडद्याआडून मी बोलायची आणि मोलकरीण म्हणून वहिनी खुर्चीत बसायची. येणारा प्रत्येक जण दारातच थबकून भुवई उंचावायचा, कोटाची कॉलर झटकायचा, गुंडावर नजर रोखायचा. दुपारपर्यंत मला त्या भुवयांचा वीट यायचा.

मग एक दिवस मास्तर आले. हौशी नाटकांतून वर्षानुवर्षं कामं केलेले, पोटासाठी तलावावर पोहायला शिकवणारे. उंची बेताची, रंग उन्हाने रापलेला, कपाळ जरा मागे सरकलेलं. जुन्या शिलेदारांनी त्यांना बघून जांभई दिली.

मास्तर आत आले. गुंडाकडे त्यांनी बघितलंच नाही. सरळ वहिनीपाशी गेले, गुडघा टेकवला आणि हळूच विचारलं, “आपल्याला लागलं तर नाही ना?” मग दोरीच्या गाठीकडे बघत, मान न वळवता गुंडाला म्हणाले, “आपली हरकत नसेल तर, आधी हे सोडवतो. मग आपलं काय ते बघू.”

हे पहिलं वाक्य कागदावर नव्हतं. वहिनीचे डोळे भरून आले. मोलकरणीचे नव्हे, तिचे. जुने शिलेदार बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, “मी इतकी वर्षं तो प्रसंग केला. त्या बाईकडे मी एकदाही बघितलं नाही.”

वहिनीने निवडक सहा जण शेवटच्या फेरीसाठी ठेवले. त्यात मास्तर होतेच. आमच्या मनात तर सगळं ठरूनच गेलं होतं. त्यांच्या तलावावरची पोरंसोरंसुद्धा त्यांना शिलेदार म्हणून हाका मारायला लागली होती. मोठ्या सभागृहात, कॅमेऱ्यांसमोर वहिनी नाव वाचणार होती, आणि जुने शिलेदार आपल्या हाताने नव्याच्या खांद्यावर कोट घालणार होते.

त्या कोटापायीच सगळं उघडं पडलं. सहाही जणांची मापं घेऊन मी कपडेपटाच्या शिंप्याकडे गेले. तो काजं करत होता. माझ्या हातातला कागद त्याने घेतलासुद्धा नाही.

“कशाला? कोट तयार आहे की.” त्याने हँगरकडे बोट केलं.

लांबलचक, रुंद खांद्यांचा राखी कोट. मी म्हटलं, “हा यांच्यातल्या कुणालाच व्हायचा नाही.”

“यांच्यासाठी शिवलाच नाही तो. साबणवाल्या साहेबांचा आहे. त्यांची ट्रायल मागेच झाली, जाहिरातीच्याही आधी. बाही जरा लांब होती, ती आखूड केली.” आणि माझा चेहरा बघून त्याने सुई थांबवली. “तुम्हाला सांगितलं नाही होय कुणी?”

साबणवाले साहेब म्हणजे साबणाच्या जाहिरातीत धबधब्याखाली उभे राहून दात दाखवणारे. अभिनयाचा आणि त्यांचा संबंध तेवढाच. तोच साबण या मालिकेचा प्रायोजक होता.

मी वहिनीला सांगितलं. तिने पर्स उचलली आणि ती चालू लागली. मी मागोमाग. मधाच्या बोटाच्या केबिनमध्ये ती न विचारता शिरली.

“साबणवाल्याला कधी घेतलंत?”

साहेबांनी आधी हसून बघितलं. मग बसा म्हणाले. ती बसली नाही. तेव्हा म्हणाले, “असं बघा वहिनी, लोकांना शोध बघायला आवडतो. आपण शोध दाखवला. सगळीकडे चर्चा झाली. तुमचं नाव झालं. कुणाचं काय नुकसान झालं?”

“मी तुमची वहिनी नाही. वहिनी हिची आहे,” तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “आणि नुकसान काय विचारता? माणसं रजा काढून आली. पोरांना घरी ठेवून आली. मी त्यांना पाणी देऊन बसवत होते, आणि तुम्ही त्यांना शोभेला उभं करत होतात!”

“ते पोहायचे मास्तर आवडलेत ना तुम्हाला? देऊ की त्यांना काहीतरी. शिलेदाराचा ड्रायव्हर आहे. बरीच वाक्यं आहेत त्याला.”

वहिनीचा आवाज चढत नाही. उलट खाली जातो. “त्यांना ड्रायव्हरचं काम करायला कमीपणा नाही. पण तुमच्या तोंडून ते आलं म्हणजे तुकडा फेकल्यासारखं वाटतं. मी सभागृहात नाव वाचणार नाही.”

“मग दुसरं कुणीतरी वाचेल,” साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्या आवाजात मध नव्हता.

तिथून आम्ही जुन्या शिलेदारांच्या घरी गेलो. वहिनीला वाटत होतं, हा माणूस पेटून उठेल. ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. तिने सगळं सांगितलं. झारी खाली ठेवायलाही ते विसरले. पाणी त्यांच्या चपलांवर सांडत राहिलं.

“मला वाटलं, तुलाही माहीत आहे,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं त्यांनी. म्हटलं, चला, निदान परत कॅमेऱ्यासमोर तरी बसायला मिळेल.”

“आणि मास्तरांचं काम बघून जे बोललात, ते?”

“ते खरं होतं गं. अगदी खरं होतं.” मग जरा चिडूनच म्हणाले, “तू माझ्याकडे अशी बघू नकोस. शिलेदार लेखकाने लिहिला होता. मी फक्त त्याची वाक्यं म्हटली.”

वहिनी निघाली. जिन्यात तिने कठडा इतका घट्ट धरला होता, की मला वाटलं, तो उखडून हातात येईल. “चोर परवडला,” ती म्हणाली. “चोराला आपण चोरी करतोय एवढं तरी कळतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये तिने सहाही जणांना समोर बसवून खरं काय ते सांगितलं. काही लपवलं नाही, कुणावर ढकललं नाही. एक जण रडला. एकाने खुर्ची लाथाडली. मास्तर मात्र शांत बसले होते, आणि त्यांच्याकडूनच आम्हाला धीराच्या शब्दांची आशा होती.

ते उठले आणि म्हणाले, “तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी का मानू?”

वहिनी म्हणाली, “मानू नका. तुमच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं.”

“माझ्या मुलीने शाळेत सगळ्यांना सांगितलंय,” ते म्हणाले. “आता तिला मी काय सांगू, बाप हरला, की बाप शर्यतीत नव्हताच?” आणि निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता. वहिनीने मलाच झापलं. “त्यांनी रागवायचं नाही तर काय करायचं? त्यांनी समजूतदारपणा दाखवला असता तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.”

समारंभ व्हायचा तो झालाच. सहा भाडोत्री चेहरे रांगेत उभे केले, नाव जाहीर झालं आणि साबणवाल्याला आश्चर्याचा धक्का बसला. तेवढाही अभिनय त्याला जमला नाही. जुन्या शिलेदारांनी कोट त्याच्या खांद्यावर घातला. रात्री त्यांचा फोन आला. “मी गेलो होतो,” ते म्हणाले.

“दिसलं,” वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिला नंतर कुणी काम देईना. ‘फार भावनिक आहेत हो त्या,’ असं मधाच्या बोटाने सगळीकडे पसरवलं होतं. भावनिक! माणसाला खोटं बोलू नका म्हटलं की ते भावनिक होतं, ही नवीनच ऐकली मी. वहिनी घरी बसून कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा उपसायची. भाऊ आणि मी पाय न वाजवता फिरायचो.

अशात एका दुपारी मास्तर दारात उभे. चहा नको म्हणाले, पण बसले. त्यांनी बाकीच्यांना गाठलं होतं; शेवटच्या सहांनाच नव्हे, पहिल्या फेरीतल्या कितीतरी जणांना. सगळे मिळून नटांच्या संघटनेकडे तक्रार करणार होते. “आतलं सांगणारं कुणीतरी लागेल,” ते म्हणाले. “तुम्ही याल? मला अजून पुरता विश्वास नाही, ते आधीच सांगतो.”

“न ठेवता चला,” वहिनी म्हणाली आणि चपला शोधू लागली.

संघटनेसमोर ती बोलली, शिंपीही बोलला. चॅनेलला माफी मागावी लागली. ती छापून आली तेव्हा वहिनीने चष्मा वर सरकवला. ‘झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत,’ असं लिहिलं होतं.

“गैरसमज? कुणाचा झाला गैरसमज?” ती तडक चॅनेलच्या कचेरीत गेली. मास्तर तलावावरून तसेच आले, केस ओले. स्वागतकक्षातल्या मुलीला वहिनीने सांगितलं, की शब्द बदलल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही. साहेब मीटिंगमध्ये, साहेब बाहेर, साहेब फोनवर. संध्याकाळी साहेब स्वतः आले. बरीच घासाघीस झाली. वहिनी म्हणत होती ‘फसवणूक’ लिहा. ते म्हणत होते वकील तयार होणार नाहीत. अखेर ‘चूक’ या शब्दावर तडजोड झाली.

“चूक पाढे म्हणताना होते,” घरी येताना ती पुटपुटत होती. मास्तर पहिल्यांदाच हसले. शिलेदार त्यांना मिळाला नाही. मालिका तीन महिने रडतखडत चालली आणि बंद पडली, त्याचा आनंदही आम्हाला झाला नाही; आमच्या लहानपणीच्या शिलेदाराचंही नाव त्यात खराब झालं. संघटनेने मात्र नियम केला: मुख्य नट आधीच ठरला असेल, तर जाहिरातीत तसं लिहायचं.

परवा एका नव्या मालिकेची जाहिरात आली. भाऊ चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस, पण खालची ओळ काही केल्या त्याला वाचता येईना. वहिनीने पेपर हिसकावून घेतला, खिडकीपाशी नेला आणि मोठ्याने वाचलं, “मुख्य भूमिकेसाठी निवड झालेली आहे.”

“चला, लिहिलं तरी,” मी म्हटलं.

“याला लिहिणं म्हणतात? मुंगीला तरी दिसेल का हे?” ती म्हणाली आणि मास्तरांना फोन लावला.